‘बेबी फेस’: दोष कुणाच्या पदरी?

बोलपटांच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकन पडद्यावर पुरुषांना नादी लावणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आल्या. १९३३ च्या ‘बेबी फेस’मधील लिली पॉवर्स त्यांपैकीच एक. बार्बरा स्टॅनविकची ही लिली न्यूयॉर्कच्या बँकेत एकेका अधिकाऱ्याला वश करीत मजल्यामागून मजला वर चढते. पण चित्रपट आधी तिचे घर दाखवतो. चोरट्या दारूचा गुत्ता चालवणारा बापच तिला गिऱ्हाइकांपुढे करतो.

न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने अडवताच चित्रपट बदलला. नीत्शेचा हवाला देऊन ‘पुरुषांना वापर’ असे तिला शिकवणाऱ्या वृद्ध मोच्याच्या तोंडी नीतीचा उपदेश घातला गेला, शेवटही पालटला. मूळ प्रत २००४ मध्ये सापडली.

१९३० ची चित्रपट-आचारसंहिता लिहिण्यात जेझुइट फादर डॅनिअल लॉर्ड यांचा हात होता. म्हणून हा प्रश्न आम्हांलाही टाळता येत नाही. हेतू शुद्धच होता. परंतु चिकटवलेल्या उपदेशाने पापाचे मूळ दिसत नाही. आम्हांस मूळ प्रतच अधिक नीतिमान वाटते, कारण ती लिलीला निर्दोष ठरवीत नाही आणि बापालाही सोडत नाही. दगड उचलणाऱ्यांना प्रभूने आधी स्वतःकडेच पाहायला लावले होते.