तीन मिनिटांचा प्रबंध

क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेली 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा आता अनेक देशांत रूढ झाली आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने एकच स्थिर चित्र दाखवून, तीन मिनिटांत, विषयाशी अपरिचित श्रोत्यांस आपले संशोधन समजावून द्यावयाचे, हा तिचा नियम. क्लिष्टतेलाच पांडित्य मानणाऱ्यांना ही शिस्त उपकारकच होय. परंतु संक्षेपात काय गाळले जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

बारामती-इंदापूरचेच उदाहरण घेऊ. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर मॅन व ताम्हणे यांनी १९१० सालीच लिहिले. कालव्याखालील या भागात तो प्रश्न आजही अभ्यासाचा आहे. अशा विषयावर बोलताना 'जिप्समने जमीन सुधारते' हे वाक्य श्रोत्यांच्या सहज ध्यानी राहते. वस्तुतः जिप्समचा उपयोग सोडियमचे प्राबल्य असलेल्या चोपण जमिनीत; आणि तेथेही निचरा नसेल तर सुटलेले क्षार वाहून जात नाहीत. जमीन केवळ खारवट असेल तर निचरा आणि गोडे पाणी हेच मुख्य उपाय. ही अट गाळली तरी सभागृहात टाळ्या पडतील. इंदापूरचा ऊस-बागाईतदार मात्र पदरचे पैसे घालवून बसेल.

तज्ज्ञ श्रोता अट स्वतःच ओळखतो. सामान्य श्रोत्यास ती सांगावी लागते. म्हणून पद्धतीचा तपशील आणि पूर्वसूरींची नामावली खुशाल वगळावी. आपला निष्कर्ष कोठे लागू पडत नाही, हे सांगणारे वाक्य वगळू नये. त्यास दहा सेकंद पुरतात.