फास्टर फेणे : प्रारंभ कोठून करावा?

करोल बागेत बदलून आलेल्या मराठी कुटुंबांत एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो : भा. रा. भागवतांच्या (१९१०–२००१) फास्टर फेणे मालेतील २० पुस्तकांपैकी मुलांच्या हाती प्रथम कोणते द्यावे?

क्रमाचा आग्रह धरणारे पहिल्याच पुस्तकाकडे बोट दाखवितात. आम्हांस ते मान्य नाही. प्रत्येक साहस स्वयंपूर्ण आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे आणि त्याचे ते 'ट्टॉक्' यांची ओळख कोणतेही पुस्तक करून देते. उलट, पुण्याचे विद्याभवन दिल्लीत वाढणाऱ्या मुलांस परकेच. म्हणून 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत' आधी द्यावी. तेथे नायकही वाचकाप्रमाणेच मुलखाबाहेर आहे. मागाहून 'प्रतापगडावर फास्टर फेणे' त्यांना घरी आणील.

या कथांतील योगायोग पुष्कळदा सोयीचे असतात, हा दोष आम्ही नाकारीत नाही. तथापि भागवतांचे बळ कथानकापेक्षा बोलक्या, धावत्या मराठीत आहे. यास्तव पहिले प्रकरण आईवडिलांनी मोठ्याने वाचून दाखवावे. ते पुस्तक अर्ध्यावर मिटले गेले, तर परमुलखात दुसरे मराठी पुस्तक उघडले जाईलच, याची शाश्वती कोणी द्यावी?