हेलेनिस्टिक अश्वदळाचा ‘ऱ्हास’ : एक शंका

अलेक्झांडरच्या मागून मासिडोनियन धर्तीच्या भारी घोडदळाचें तेज गेलें, असें सरसहा लिहिलें जातें. मूळ ग्रंथांवरून हा निष्कर्ष निघत नाहीं. राफिया येथें (इ. स. पू. २१७) तिसऱ्या अँटायोकसानें स्वतः उजव्या बगलेचे राऊत घालून टॉलेमीची डावी बगल उधळली, हत्तींचाही त्यांत वांटा होता, हें खरें. मॅग्नीशियाच्या लढाईंत (इ. स. पू. १९०) त्याच्या त्या बगलेवर ३,००० चिलखती स्वार होते, असें लिव्ही लिहितो. त्यांनीं रोमनांची डावी बाजू फोडली. हल्ल्याचा जोर, तर, ओसरला नव्हता. उणीव होती ती पाठलाग आवरून वळण्याची. गॉगमेला येथें (इ. स. पू. ३३१) पार्मेनिअनचा निरोप येतांच अलेक्झांडर माघारी फिरला, असें एरिअन सांगतो. राफियास मात्र रणांगणाची धूळ आपल्याच छावणीकडे सरकत आहे, हें एका वृद्ध साथीदारास राजाच्या नजरेस आणावें लागलें, व तोंवर लढाई हातची गेली होती. हें पॉलिबिअसचेंच कथन; राजाचें वय व अननुभव हें कारणही तोच देतो. परंतु मॅग्नीशियास राजा पन्नाशीचा होता, आणि तरीही मधली फळी उघडी टाकून तो रोमन छावणीवर धांवला.