पाकशाळेच्या एका शब्दाची वंशावळ

रशियन व पोलिश 'कुख्न्या', चेक 'कुखिन्ये' हे पाकशाळावाचक शब्द परस्परांशीं जुळतात. एवढ्यावरून ते मूळचे स्लाव्ह मानणें आम्हांस मान्य नाहीं. ते उसने आहेत. लॅटिन 'कोक्वीना' हा शब्द जुन्या जर्मनींत शिरला, तेथून चेक-पोलिशांत व पोलिशाच्या द्वारें रशियनांत आला, असें मॅक्स फास्मर यांच्या कोशावरून (१९५०-५८) दिसतें. रशियनांतील जुना शब्द 'पोवार्न्या'. तो 'वारीत्', म्हणजे शिजविणें, या क्रियापदापासून झाला. संस्कृत 'पच्' धातूचें सख्खें भावंड तेथें 'पेच्', म्हणजे चूल, हें होय. मौज ही कीं, 'कोक्वीना'हि मुळांत 'पच्'चीच सगोत्र. परंतु स्लाव्हांच्या घरीं ती पाहुणी म्हणून आली. पोथी कोणत्या प्रतीवरून उतरली हें पाहिल्यावांचून पाठसाम्यास मोल नाहीं. शब्दसाम्यासहि तोच न्याय.