४२.३४ मीटरवरचा गुन्हा

विनापरवाना रेडिओ चालवल्याबद्दल आपल्या देशात जे खटले झाले त्यांतला सर्वांत गाजलेला खटला मुंबईचा आहे. त्यातील आरोपींना आपण आरोपी म्हणत नाही, स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. ही गोष्ट १९४२ च्या 'काँग्रेस रेडिओ'ची. उषा ठक्कर यांचे 'काँग्रेस रेडिओ : उषा मेहता अँड द अंडरग्राउंड रेडिओ स्टेशन ऑफ १९४२' हे इंग्रजी पुस्तक पेंग्विनने २०२१ साली काढले. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये कन्नन अय्यर दिग्दर्शित 'ए वतन मेरे वतन' हा हिंदी चित्रपट आला. ९ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी शिक्षकांना यापेक्षा चांगले साहित्य मिळणे कठीण आहे. पुस्तक तर जरूर मिळवून वाचावे असेच आहे. तरीही विज्ञान शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ही गोष्ट सांगण्याच्या आपल्या पद्धतीत एक मोठी उणीव दिसते. इतिहासाचे शिक्षक उषा मेहतांचे धैर्य सांगतात आणि रेडिओ वगळतात. भौतिकशास्त्राचे शिक्षक तरंगलांबी शिकवतात आणि पोलीस वगळतात. मग 'पोलिसांना पत्ता लागला कसा?' असे एखाद्या मुलाने विचारले की दोघेही चित्रपटाकडे बोट दाखवतात.

आधी हकीकत थोडक्यात पाहू. ९ ऑगस्टच्या पहाटे पुढारी पकडले गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सहकाऱ्यांनी गुप्त नभोवाणी उभारली. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी साधनसामग्रीची मदत केली. रेडिओतंत्र जाणणारे नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक जुळवला. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मजकूर पुरवत. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच महिने, हे केंद्र जागा बदलत चालले. 'हिंदुस्थानातून कुठूनतरी', ४२.३४ मीटरवर बोलत आहोत, अशी त्याची घोषणा असे. आरंभी दिवसातून दोनदा आणि पुढे फक्त संध्याकाळी, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान प्रक्षेपण होई.

आता वर्गातल्या फळ्यावर एक भागाकार करू. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्याला ४२.३४ ने भागले की सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ ही वारंवारता मिळते. ही लघुलहर आहे. या वारंवारतेच्या लहरी दोन वाटांनी जातात. एक वाट जमिनीलगतची. ती काही दहा किलोमीटरांत क्षीण होते. दुसरी वाट वर जाते आणि आयनांबरावरून परत खाली येते. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरळ होतो आणि ७ मेगाहर्ट्झच्या लहरी शेकडो किलोमीटर दूर पोचू लागतात. म्हणजे संध्याकाळची वेळ श्रोत्यांच्या सोयीची होती तशी आयनांबराच्याही सोयीची होती. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ७०० किलोमीटर. अशा लहरीच्या ते सहज आवाक्यातले आहे.

लहर सर्व दिशांना जाते. मित्राच्या रेडिओला जी लहर लागते तीच पोलिसाच्याही रेडिओला लागते. चोरून छापलेले पत्रक कोणाच्या हाती द्यायचे हे आपण ठरवू शकतो. लहरीच्या बाबतीत ते शक्य नाही. ऐकू येणे आणि सापडणे ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. गुप्त नभोवाणीचा सगळा थरार या एका भौतिक सत्यातून येतो, आणि नेमके तेच चित्रपटात नीट उलगडत नाही. तेथे दिशाशोधक गाड्यांचा पाठलाग आहे, नकाशे आहेत, धावपळ आहे. पण यंत्र दिशा कशी ओळखते हे न कळल्यामुळे ते यंत्र जादूच्या कांडीसारखे भासते. जादूच्या कांडीला हरवणारा नायक मुलांना आवडतो हे खरे, पण तेथे विज्ञान हरवते.

वास्तविक हे यंत्र कोणत्याही शाळेत समजावता येईल इतके साधे आहे. मध्यम लहरींवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर घ्यावा. त्याच्या आत फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर तारेचे वेटोळे असते. एखादे स्पष्ट लागणारे केंद्र लावून रेडिओ आडवा धरावा आणि हळूहळू फिरवावा. एका स्थितीत आवाज एकदम पडतो. त्या वेळी कांडीचे टोक केंद्राच्या रोखाने असते, कारण लहरीचे चुंबकीय क्षेत्र तिच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात असते आणि या स्थितीत ते कांडीच्या लांबीच्या दिशेने मुळीच पडत नाही. आवाजाचा उच्चांक पसरट असतो पण नीचांक टोकदार असतो, म्हणून दिशा शोधताना नीचांकच पाहतात. केंद्र कांडीच्या पुढच्या टोकाकडे की मागच्या, हे मात्र एवढ्याने कळत नाही. दुसऱ्या गावी जाऊन हाच प्रयोग केला आणि नकाशावर दोन रेषा ओढल्या, की त्या जेथे छेदतात तेथे केंद्र. पोलिसी गाडीतही तत्त्व हेच. कांडीऐवजी वेटोळ्याची अँटेना, इतकाच फरक.

मग मुंबईच्या पोलिसांना अडीच महिने का लागले? येथे पुन्हा फळ्याकडे जावे लागते. दिशा मोजण्यात २ अंशांची चूक झाली तर ७०० किलोमीटरवर ती सुमारे २४ किलोमीटरची होते. म्हणजे नागपुरात बसून मोजणाऱ्याला 'मुंबईच्या आसपास' याहून अधिक काही सांगता येणार नाही. तेही दिवस चांगला असेल तर, कारण आयनांबरावरून परतलेल्या लहरीची मांडणी बिघडलेली असते आणि संध्याकाळनंतर नीचांक सरकतो, पुसट होतो. एक किलोमीटरवरून मात्र २ अंशांची तीच चूक ३५ मीटरची, म्हणजे एखाद्या इमारतीएवढी. तेव्हा गाडी जवळ न्यायलाच हवी, आणि प्रक्षेपण चालू असतानाच न्यायला हवी. जवळ गेल्यावर शहर आडवे येते. ४२.३४ मीटरचा चौथा हिस्सा साडेदहा मीटर. तीन मजली चाळीच्या उंचीएवढा. त्या लांबीचे पाण्याचे नळ, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, ट्रामच्या डोक्यावरची तार, या सगळ्या ती लहर पकडून पुन्हा फेकतात आणि शोधणाऱ्याला भलतीकडे नेतात. चौपाटी-गिरगावच्या दाट वस्तीत रोज थोडाच वेळ बोलून जागा बदलत राहणाऱ्यांना भौतिकशास्त्राने असे संरक्षण दिले होते. दिशाशोधक गाडी आपल्या मागावर असे, हे उषाबेननी पुढे सांगितले आहे. पण १२ नोव्हेंबरच्या रात्री गिरगावच्या पारेखवाडीत पोलीस पोचले ते गाडीच्या काट्यावरून नव्हे. नरिमन प्रिंटर आधी पोलिसांच्या हाती लागले होते आणि त्यांच्याकडून जागेचा पत्ता मिळाला. लहरीने जे जवळजवळ झाकून ठेवले होते ते माणसाने उघड केले.

ठक्कर यांच्या पुस्तकाचे मोल मला सर्वांत अधिक कुठे वाटते, तर तेथे या रेडिओवरून काय बोलले गेले ते सविस्तर वाचायला मिळते. आणि ते शिल्लक राहिले कसे? पोलिसांचे लोक रोज संध्याकाळी कान लावून ते उतरून घेत होते म्हणून. खटल्यात पुरावा म्हणून जे लिहून ठेवले तेच आज आपले साधन झाले. बोलणाऱ्यांना स्वतःचे शब्द जपून ठेवणे परवडणारे नव्हते. बंदी घालणाऱ्यांनी ते जपले.

या शब्दांमध्ये आपल्या भागाचाही उल्लेख आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे गोळीबार, हिंसा आणि नंतर जबर दडपशाही झाली. वृत्तपत्रांना ते छापणे अशक्य झाले होते. नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर घडलेली ही हकीकत आमच्या रेडिओने देशाला सांगितली, असे उषाबेन अभिमानाने नमूद करीत. गुन्हा होता तो हा. मुंबईच्या खास न्यायालयात विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगण्याच्या आणि चालवण्याच्या कटाचा आरोप चालला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरी सुटले. ४२.३४ मीटरवर दुसऱ्या कोणाच्या कामात व्यत्यय आला का, हा मुद्दा या खटल्याचा गाभा नव्हताच.

परवान्यामागे दोन निरनिराळी कारणे असू शकतात, आणि ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. पहिले कारण भौतिक आहे. एकाच ठिकाणी, एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले की दोघांचेही ऐकू येत नाही. शिवाय घरगुती प्रक्षेपक फक्त ठरलेल्या वारंवारतेवर बोलत नाही. दुप्पट, तिप्पट वारंवारतेवर आणि आजूबाजूलाही कचरा टाकतो. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ आहे. १०८ च्या लगेच वर विमानांचा पट्टा सुरू होतो, आणि त्याच्या तळाशीच धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारे संकेत असतात. सोनेगावच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याने बाजारातला एफएम किट जुळवला आणि त्याचे वेटोळे जरासे सैल झाले, तर त्याचा आवाज कोठे जाऊन पोचेल हे त्यालाही कळणार नाही. या कारणासाठी सरकारने कान लावून बसणे, नियम मोडणाऱ्याचे यंत्र बंद करणे योग्यच आहे. दुसरे कारण राजकीय: कोणी काय बोलावे हे ठरवणे. पहिल्या कारणाची वही पुढे करून दुसरे काम उरकणे ही सरकारांची जुनी सवय आहे.

परकीय सरकारपुरतीच ती होती असे म्हणून सुटका होत नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा स्वातंत्र्यानंतरही राहिले. १९३३ च्या कायद्यात यंत्र किती वॉटचे हा प्रश्नच नाही. परवान्याविना ते बाळगणे हाच अपराध. (घरच्या साध्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन भरलेली फी जुन्या शिक्षकांना आठवत असेल, ती याच कायद्याची देणगी.) उषा मेहता १९४६ मध्ये तुरुंगातून सुटल्या, आणि १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने याच कायद्यात दुरुस्ती करून विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. २००६ च्या मार्चमध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूरचा 'राघव एफएम' बंद करण्यात आला, तो या कायदेशीर चौकटीतच. रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या राघव महतो यांनी किरकोळ खर्चात जुळवलेला तो प्रक्षेपक गाणी आणि स्थानिक माहिती देत असे. विनापरवाना तो होताच. पण त्याला परवाना मिळावा अशी वाट तेव्हा होती का? सामुदायिक रेडिओ शिक्षणसंस्थांच्या पलीकडे, गावच्या संस्थांसाठी खुला करण्याचे धोरण आले ते त्याच वर्षाच्या अखेरीस, म्हणजे राघवचा बांबू उतरवल्यानंतर.

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट केले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे निकालपत्र वरिष्ठ विद्यार्थ्यांबरोबर वाचण्यासारखे आहे. लहरींचे नियमन हवे, पण ते लोकांच्या वतीने आणि लोकांच्या हितासाठी, सरकारच्या मक्तेदारीसाठी नव्हे, असा त्याचा रोख आहे. २००६ च्या धोरणाने मात्र सामुदायिक रेडिओला १०० वॉटची मर्यादा घातली आणि बातम्यांना मनाई केली. नंतर सवलत मिळाली ती आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्यापुरती. वॉटची मर्यादा भौतिकशास्त्राने समजते. बातम्यांच्या मनाईचा कोणत्याही तरंगाशी संबंध नाही. चिमूरला उद्या रीतसर परवाना घेऊन सामुदायिक रेडिओ उभा राहिला तर त्याला शेतीची, आरोग्याची माहिती देता येईल, पण काल चिमूरमध्ये काय घडले याची स्वतःची बातमी देणे या धोरणात बसत नाही. १९४२ मध्ये ते काम मुंबईच्या एका बेकायदा प्रक्षेपकाने केले होते! २०२३ मध्ये संसदेने जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. वारंवारता वाटण्याचा अधिकार त्यातही केंद्र सरकारकडेच आहे.

शाळेच्या विज्ञान मंडळात एफएम प्रक्षेपकाचा किट आणावा का, असे शिक्षक विचारतात. माझे मत: आणू नये. दिशा शोधण्याचा वर सांगितलेला प्रयोग करावा, त्याला परवाना लागत नाही. आणि ज्यांना बोलायचेच आहे त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. शाळकरी मुलांनाही ती देता येते. तिच्या तयारीत वारंवारता, अँटेना, व्यत्यय आणि कायदा हे चारही विषय एकत्र येतात. आपल्याकडे हौशी रेडिओचा ४० मीटरचा पट्टा ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे ७.०८ त्यात येते. नागपूरची परवानाधारक मुलगी आज त्या जागी मुंबईच्या मुलाला हाक मारू शकते, आपल्या अँटेनाची उंची आणि हवामान सांगू शकते. गाणी लावणे आणि बातम्या देणे मात्र तिच्या परवान्यात बसत नाही.