'उत्सर्जनमापन' या संज्ञेविषयी

हवामानविषयक मराठी लेखनात 'हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे मापन' हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. किकवीच्या शेतकऱ्याला 'हरितगृह' म्हटले की प्लास्टिकच्या आच्छादनाखालील फुलशेती आठवावी आणि 'उत्सर्जन' म्हटले की त्याच्या मुलाला शरीरशास्त्राचा धडा, हे स्वाभाविक आहे. परंतु असे घोटाळे संदर्भाने निवळतात. खरा दोष 'मापन' या शब्दात आहे, आणि तो अतिव्याप्तीचा आहे.

नैयायिकांचा प्रत्यक्ष आणि अनुमान हा भेद येथे उपयोगी पडतो. किकवीपासून फार दूर नसलेल्या सिंहगडावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ साली हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला. अशा नमुन्यांत मोजले जाते ते हवेतील वायूचे प्रमाण. तो कोठून व किती निघाला, हे वाऱ्याच्या गणितावरून ताडावे लागते. राष्ट्राच्या उत्सर्जनाचा आकडा तर बहुतांशी गुणाकारच असतो : इतके हेक्टर किंवा इतके टन, गुणिले ठरलेला गुणक.

हा शब्दच्छल नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतीय भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन निघतो असे मांडले होते. त्यामागील गुणक यूरोप-अमेरिकेतील शेतांवरून घेतलेले होते. १९९१ साली आशेष प्रसाद मित्र यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने मोहीम काढली. देशाच्या निरनिराळ्या भागांत रोपांवर पेट्या ठेवून आतील हवा ठराविक वेळाने तपासण्यात आली, आणि आकडा सुमारे ४० लाख टनांवर आला.

हा आकडा सरकारला सोयीचा होता, आणि तो सरकारी शास्त्रज्ञाने दिला होता. संशयाला एवढे पुरते. त्याचे उत्तर एकच : पेटीखाली प्रत्यक्ष काय मोजले आणि त्यापुढे काय अनुमानिले, हे वेगवेगळ्या शब्दांत सांगणे. मित्र यांचा आकडाही अखेर अनुमानच होते. फक्त त्याचा पाया आपल्या चिखलात होता.

मिथेन तयार होतो तो पाणी तुंबलेल्या, हवा न शिरणाऱ्या चिखलात. निचरा झाला की तो घटतो. भोरच्या हिरडस मावळातील शेतकरी खाचर आणि वरकस यांत भेद करतो, चिखलणी कधी आणि पाणी कधी सोडायचे हे जाणतो. आपले लेखक मात्र सर्वांवर 'भातक्षेत्र' असा एकच शिक्का मारतात, आणि नेमका जो भेद गुणक बदलतो तोच पुसला जातो.

'मापन' पेटीपुरते राखावे. राष्ट्रीय आकड्यासाठी कोणी 'परिगणन' सुचवील. मला 'अंदाज' पुरेसा वाटतो. तो फारसी वळणाचा म्हणून परिभाषाकारांना नकोसा होतो, हे मला माहीत आहे. पण राज्याच्या वार्षिक जमाखर्चाला 'अंदाजपत्रक' म्हणताना मराठी कधी संकोचली नाही.