काजळी झटकावी, वात विझू नये

संगणकाची आज्ञावली चालली म्हणजे ती बरोबर आहे, असे होत नाही. उत्तर बरोबर पण रीत चुकलेली, अशी गणिते शिक्षकांना नवी नाहीत. आज्ञावली न चालवता, नुसती वाचून अशा संशयास्पद जागा दाखवणारे साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली ‘सी’ या भाषेसाठी तयार केले. त्याचे नाव ‘लिंट’, म्हणजे कपड्याला चिकटणारे सुताचे बारीक तंतू. पुढे बहुतेक संगणकभाषांसाठी अशी साधने निघाली.

अनेकांनी मिळून लिहिलेल्या आज्ञावलीत त्यांचा उपयोग मोठा आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आपल्या फोनमधील एक दोष दुरुस्त करावा लागला. समोरच्या संगणकाची सही तपासणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. त्यामुळे पुढची तपासणी होतच नसे, आणि तरीही निकाल ‘उत्तीर्ण’ असा येई. कधीच अमलात न येणाऱ्या ओळी दाखवण्याची सोय तेव्हाच्या साधनांत होती. मात्र ती वेगळी सुरू करावी लागे.

मग साधन जे दाखवील ते सारे पुसून टाकावे काय? याचे उत्तर डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या अनुभवात आहे. गुप्त किल्ल्या बनवणारी ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली असंख्य संगणकांवर सामाईकपणे वापरली जाते. लिंटचेच भावंड म्हणावे असे, पण आज्ञावली चालवून तपासणारे ‘वॅलग्रिंड’ हे साधन तिच्याबद्दल कुरकुर करी, की किंमत न भरलेली स्मृती येथे वापरली जात आहे. २००६ साली डेबियनच्या आवृत्तीतून अशा दोन ओळी वगळण्यात आल्या. वगळण्यापूर्वी विचारणाही झाली होती. कोणी ठामपणे अडवले नाही.

त्यांतली एक ओळ गेल्याने काही बिघडले नाही. दुसरी मात्र यादृच्छिकतेचा सारा कच्चा माल मिसळणारी होती. ती जाताच, चालू कामाला संगणक जो क्रमांक देतो तेवढाच फरक शिल्लक राहिला. परिणामी एका जातीच्या संगणकावर ठरावीक प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ च संभवत होत्या. इतक्या किल्ल्या एकेक लावून पाहणे संगणकाला कठीण नाही. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. कुरकुर मात्र दोन वर्षांपूर्वीच थांबली होती!

आमचा आक्षेप साधनावर थोडा आणि ते वापरण्याच्या रीतीवर अधिक आहे. साधनाचा दोष असा, की ओळीपुढची मोकळी जागा आणि प्राणघातक चूक ते पुष्कळदा एकाच सुरात सांगते. वापरणारा मग ‘सूचना शून्य’ हेच ध्येय मानतो. वास्तविक सूचना म्हणजे निकाल नव्हे, तो प्रश्न आहे. सामाईक आज्ञावलीत तर ओळ एकाची असते आणि ती पुसणारा दुसरा.

म्हणून शाळेच्या संगणकवर्गात विद्यार्थ्याने अशी ओळ खोडण्यापूर्वी शिक्षकांनी त्याला एवढेच विचारावे : ही ओळ येथे कशासाठी होती? उत्तर देता येत नसेल, तर खोडायची घाई नको.